निओफोरजेमधले टाइमस्टॅम्प: एरर नाही, आणि उत्तरही नाही

निओफोरजे या ग्राफ डेटाबेसला वेब एपीआयवरून ‘१ मार्चचे सगळे व्यवहार दे’ म्हणून विचारावं, तर स्टेटस २००, एररची यादी रिकामी आणि डेटाही रिकामा. व्यवहार तर डेटाबेसमध्ये आहेत, वेळेची अट काढली की धडाधड दिसतात. अशा वेळी पहिला संशय इंडेक्सवर, म्हणजे शोध जलद करणाऱ्या सूचीवर जातो. तो पाडून पुन्हा बांधला जातो, आणि तरी काही फरक पडत नाही. बहुतेक वेळा इंडेक्स ठणठणीत असतो. क्वेरीत एका बाजूला डेटटाइम आणि दुसऱ्या बाजूला स्ट्रिंग अशी तुलना झालेली असते.

सायफर या निओफोरजेच्या क्वेरी-भाषेत दोन वेगळ्या प्रकारच्या व्हॅल्यूंना ‘कोण मोठं, कोण लहान’ असं विचारलं तर उत्तर नल (‘माहीत नाही’) येतं, आणि व्हेअरमध्ये, म्हणजे अटींच्या भागात, नल आलेली ओळ गाळली जाते. रिलेशनल डेटाबेसच्या सवयीने आपण धरून चालतो की स्ट्रिंगची तारीख आपोआप होईल किंवा निदान एरर तरी येईल. इथे दोन्ही होत नाही. वेळेच्या बाबतीत होणाऱ्या बऱ्याचशा चुका अशाच मुक्या असतात. म्हणून वेळ कुठल्या प्रकारात साठवायची आणि कुठल्या रूपात आत घ्यायची हे सुरुवातीलाच ठरवून एपीआयच्या दारातच पक्कं करून टाकावं, असं माझं ठाम मत आहे.

समजायला सोपं म्हणून एक ग्राफ धरू: बँकेची खाती हे नोड, आणि एका खात्यातून दुसऱ्यात गेलेले पैसे ही ‘पाठवले’ नावाची रिलेशनशिप. तिच्यावर रक्कम, व्यवहार क्रमांक आणि वेळ. साधी क्वेरी अशी (वाचायच्या सोयीसाठी सगळं देवनागरीत लिहिलंय, टाइप करताना कीवर्ड रोमनमध्येच):

मॅच (क:खाते)-[व:पाठवले]->(ख:खाते)
व्हेअर व.वेळ >= $पासून अँड व.वेळ < $पर्यंत
रिटर्न क.क्रमांक, ख.क्रमांक, व.रक्कम, व.वेळ

निओफोरजे ४ पासून ही क्वेरी ७४७४ पोर्टवर ‘/डीबी/डेटाबेसचं नाव/टीएक्स/कमिट’ या पत्त्यावर पोस्ट करता येते. बॉडीत स्टेटमेंट्सची यादी, आणि प्रत्येक स्टेटमेंटसोबत त्याचे पॅरामीटर्स. ५ मालिकेत क्वेरी एपीआय नावाचा वेगळा पत्ताही आला. एक फरक लक्षात ठेवा: टीएक्स/कमिटवर क्वेरीत चक्क सिंटॅक्सची चूक असली तरी स्टेटस २००च येतो आणि चूक उत्तरातल्या एररच्या यादीत असते. स्टेटस बघून पुढे जाणारा कोड इथे फसतो. क्वेरी एपीआय अशा चुकीला ४०० च्या घरातला स्टेटस देतो.

आता मूळ अडचण. एपीआयशी देवाणघेवाण जेसन या मजकुराच्या साच्यात होते, आणि जेसनमध्ये स्ट्रिंग आहे, आकडा आहे, ट्रू-फॉल्स आहे, नल आहे, तारीख नाही. म्हणजे $पासून ही कायम स्ट्रिंग म्हणून पोचणार, साठवलेली वेळ डेटटाइम असणार, आणि तुलना नल होणार. यातून सुटायला तीन वाटा आहेत. पॅरामीटरभोवती क्वेरीतच डेटटाइम हे फंक्शन लावायचं. किंवा क्वेरी एपीआयचं टाइप्ड जेसन वापरायचं, ज्यात प्रत्येक व्हॅल्यूसोबत तिचा प्रकारही लिहून पाठवतात. किंवा वेळ १९७० च्या सुरुवातीपासूनच्या मिलिसेकंदांचा पूर्णांक म्हणून पाठवायची आणि क्वेरीत त्या आकड्याला ‘इपॉकमिलिस’ या किल्लीने डेटटाइम फंक्शनला द्यायचं.

मी तिसरी वाट सुचवेन. आकडा कसाही वाचला तरी एकच अर्थ निघतो, आणि त्यातून तयार झालेला डेटटाइम यूटीसीतलाच (जागतिक प्रमाणवेळेतलाच) निघतो. १ मार्च २०२४ चा भारतीय दिवस हवा असेल तर $पासून म्हणजे १७०९२३१४०००००, $पर्यंत म्हणजे १७०९३१७८०००००. आपली मध्यरात्र यूटीसीत आदल्या दिवशीच्या १८:३० ला होते, म्हणून यातला पहिला आकडा खरं तर २९ फेब्रुवारीच्या १८:३० चा आहे.

मिलिसेकंदांचा आकडा सध्या तेरा अंकी आहे. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक बिनचूक राहण्याची हद्द साधारण ९००७ लाख कोटी, म्हणजे सोळा अंकी. मायक्रोसेकंदही तिथे जेमतेम बसतात. नॅनोसेकंद एकोणीस अंकी होतात, ते बसत नाहीत, आणि शेवटचे दोन-तीन अंक गुपचूप बदलतात. नॅनोसेकंद खरोखर लागत असतील तर ते स्ट्रिंगनेच पाठवा.

स्ट्रिंगच पाठवायची असेल तर तिच्या शेवटी यूटीसीचा ‘झेड’ किंवा ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक, आपला +०५:३०) असलाच पाहिजे. नसला तर सर्व्हर स्वतःचा डीफॉल्ट टाइमझोन लावतो, आणि तो कुणी मुद्दाम बदलला नसेल तर यूटीसी असतो. मोबाइल अ‍ॅपने भारतीय घड्याळातली वेळ ऑफसेटशिवाय पाठवली की ती साडेपाच तास पुढे साठवली जाते. आणि ऑफसेट यूआरएलमधून जात असेल, म्हणजे तुमच्या स्वतःच्या एपीआयला गेट रिक्वेस्टमध्ये कुणी ‘+०५:३०’ लिहिलं असेल, तर अधिकचं चिन्ह यूआरएलमध्ये स्पेस म्हणून वाचलं जातं. पर्सेंट-२बी असं एनकोड केलं नाही तर पार्सर तक्रार करतो. ही चूक निदान बोलते तरी.

याहून बारीक एक गोष्ट आहे, आणि ती कळेपर्यंत रिपोर्टमधला एखाद-दुसरा व्यवहार का सरकतो ते समजत नाही. सायफरमध्ये एकाच क्षणाचे, पण वेगवेगळ्या ऑफसेटचे दोन डेटटाइम समान मानले जात नाहीत. आधी क्षण पाहतात. क्षण एकच असेल तर ऑफसेट पाहतात, पश्चिमेकडचा आधी, पूर्वेकडचा नंतर. ऑफसेटही एकच असेल तर टाइमझोनच्या नावाचा वर्णक्रम.

याचा परिणाम काय होतो बघा. व्यवहार यूटीसीत साठवलाय, वेळ बरोबर २९ फेब्रुवारी १८:३०:००, म्हणजे आपल्याकडे १ मार्चचा ठोका. क्वेरीतली खालची हद्द मात्र ‘१ मार्च ००:००, +०५:३०’ अशी दिलीय. क्षण एकच. पण यूटीसीचा ऑफसेट शून्य, तो +०५:३० च्या पश्चिमेला, म्हणून साठवलेली वेळ हद्दीपेक्षा लहान ठरते. ‘>=’ असूनही हा व्यवहार १ मार्चच्या यादीत येत नाही; आदल्या दिवसाच्या क्वेरीत ‘< १ मार्च, +०५:३०’ मध्ये मात्र बसतो. मध्यरात्रीच्या ठोक्याला चालणारे जॉब, म्हणजे व्याज, हप्ते, शिल्लक पुढे ओढणं, सगळे नेमके याच क्षणाचा शिक्का घेऊन बसलेले असतात. हिशेब एका दिवसाने चुकतो आणि दोन दिवसांची बेरीज मात्र बरोबर येते, त्यामुळे शोधणारा आणखी गोंधळतो. उपाय सोपा: साठवताना यूटीसी, हद्दीही यूटीसी, आणि स्थानिक वेळ फक्त दाखवताना.

दिवसाची हद्द काढताना चोवीस तास मिळवायची सवय भारतात चालून जाते. न्यू जर्सीतल्या ग्राहकासाठी तेच केलं तर १० मार्च २०२४ चा दिवस चुकतो, कारण तिथे त्या दिवशी घड्याळ पुढे गेलं आणि दिवस तेवीस तासांचा झाला. हद्दी आधी ग्राहकाच्या टाइमझोनमध्ये कॅलेंडरने काढायच्या आणि मग मिलिसेकंदांत बदलायच्या.

आता इंडेक्स. आपल्या उदाहरणात वेळ रिलेशनशिपवर आहे, आणि रिलेशनशिपच्या प्रॉपर्टीवर असा इंडेक्स ४.३ पासून करता येतो:

क्रिएट इंडेक्स व्यवहार_वेळ इफ नॉट एक्झिस्ट्स
फॉर ()-[व:पाठवले]-() ऑन (व.वेळ)

५ मध्ये हा आपोआप रेंज प्रकारचा होतो. ४ मध्ये बीट्री होता, तो ५ मध्ये काढून टाकला, ४.४ वरून वर जाणाऱ्यांनी बीट्रीच्या जोडीला रेंज इंडेक्स आधीच बांधून ठेवायचे असतात. टेक्स्ट इंडेक्स फक्त स्ट्रिंगसाठी, वेळेला त्याचा उपयोग शून्य. इंडेक्सची कमांड लगेच परत येते, पण बांधणी मागे चालू असते. ‘शो इंडेक्सेस’मध्ये अवस्था ‘ऑनलाइन’ दिसेपर्यंत तो वापरला जात नाही. डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्टमध्ये ‘डीबी.अवेटइंडेक्सेस’ला सेकंदांची मर्यादा देऊन बोलावलं की हा प्रश्न मिटतो.

इंडेक्स वापरला जातोय की नाही हे अंदाजाने ठरवू नका. क्वेरीच्या आधी ‘प्रोफाइल’ लावून तीच रिक्वेस्ट पाठवली की प्लॅन, म्हणजे क्वेरी कुठल्या पायऱ्यांनी चालली ते, उत्तरातच येतो. त्यात रिलेशनशिपसाठी ‘इंडेक्ससीकबायरेंज’ असं शेपूट असलेला ऑपरेटर दिसला तर ठीक. ‘टाइपस्कॅन’ आणि त्यावर ‘फिल्टर’ दिसला तर सगळे व्यवहार एकेक करून तपासले जातायत. सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे प्रॉपर्टीलाच फंक्शनमध्ये गुंडाळणं: ‘डेट(व.वेळ) = अमुक तारीख’, किंवा ‘व.वेळ.इयर = २०२४’. वाचायला छान, पण इंडेक्समध्ये साठवलीय ती पूर्ण वेळ, तिचं वर्ष नव्हे. डावीकडे प्रॉपर्टी उघडी ठेवा, जी काही आकडेमोड करायची ती उजवीकडे. ‘गेले तीस दिवस’ हवे असतील तर ‘व.वेळ >= डेटटाइम() - ड्युरेशन(तीस दिवस)’ लिहा. उलट दोन वेळांमधलं अंतर काढून ते ड्युरेशनशी लहान-मोठं करायला गेलात तर पुन्हा नल, कारण महिना किती दिवसांचा हे ठरत नसल्याने ड्युरेशनची तुलनाच होत नाही.

हद्दीही अर्ध्या उघड्या ठेवा: खालची ‘>=’, वरची ‘<’. ‘२३:५९:५९ पर्यंत’ लिहिणाऱ्यांचा दिवसाचा शेवटचा जवळजवळ एक सेकंद हरवतो.

ग्राफमध्ये वेळेच्या इंडेक्सला एक वेगळीच मर्यादा आहे. ‘अमुक खात्याचे कालचे व्यवहार’ विचारले तर प्लॅनरपुढे दोन रस्ते असतात: खात्यापासून निघून त्याच्या सगळ्या रिलेशनशिप तपासायच्या, किंवा वेळेच्या इंडेक्समधून कालचे सगळ्या बँकेचे व्यवहार काढून त्यातून हे खातं गाळायचं. घरगुती खात्याला पहिला रस्ता झकास, त्याला असतात किती व्यवहार. पण वीजबिल भरण्याचं खातं घ्या, त्याला लाखोंनी रिलेशनशिप चिकटलेल्या. तिथे दोन्ही रस्ते महाग. शिवाय हद्दी पॅरामीटरमधून येत असल्याने खिडकी तासाभराची आहे की वर्षभराची हे प्लॅन बनवताना प्लॅनरला माहीत नसतं. दोन्हीला तोच प्लॅन मिळतो.

अशा खात्यांसाठी मी जोड इंडेक्स पसंत करतो. पैसे मिळालेल्या खात्याचा क्रमांक रिलेशनशिपवरही लिहून ठेवायचा आणि (घेणारा, वेळ) या क्रमाने इंडेक्स करायचा. क्रम महत्त्वाचा. आधी बरोबरीची अट, शेवटी रेंजची. उलटा केला तर वेळेच्या रेंजनंतरचा खाते क्रमांक इंडेक्समध्ये नेमका शोधला जात नाही, तो नंतर फिल्टरने गाळावा लागतो. आणि दोन्ही प्रॉपर्टींवर अट असल्याशिवाय हा इंडेक्स वापरला जात नाही. ज्या रिलेशनशिपवर दोहोंपैकी एक प्रॉपर्टी नाही, ती त्यात नसतेच. माहितीची पुनरावृत्ती होते हे खरं, पण व्यवहाराचा घेणारा नंतर बदलत नाही, त्यामुळे इथे ती पचते.

दुसरी युक्ती महिन्यागणिक वेगळा रिलेशनशिप प्रकार ठेवण्याची: ‘पाठवले_२०२४_०३’ वगैरे. दाट नोडच्या, म्हणजे खूप रिलेशनशिप चिकटलेल्या नोडच्या, रिलेशनशिप निओफोरजे प्रकारानुसार गटांत ठेवतो, म्हणून एकाच महिन्याचा गट उघडणं स्वस्त पडतं. मात्र तीन महिन्यांची क्वेरी आली की तीन प्रकारांची नावं जोडत बसावं लागतं. महिना हा जिथे खरोखर कामाचा तुकडा आहे तिथेच हे करावं.

३.४ मध्ये, २०१८ साली, निओफोरजेत तारीख-वेळेचे प्रकार आले. त्याआधी ‘टाइम ट्री’ फार चालायचा: वर्षाचा नोड, त्याखाली महिने, त्याखाली दिवस, आणि घटना दिवसाला टांगलेल्या. अजूनही जुन्या लेखांमध्ये तो सापडतो. आज नव्याने बांधू नका. आजचा दिवस हा एकच नोड असतो आणि प्रत्येक नवा व्यवहार त्यालाच जोडायचा असतो, त्यामुळे लिहिणाऱ्या सगळ्या रिक्वेस्ट त्या नोडच्या लॉकपाशी रांग लावतात आणि मधूनच डेडलॉकची एरर येते.

त्याच्याही आधी, १ मालिकेच्या दिवसांत, रेस्ट एपीआयमधून ल्युसीन या शोध-लायब्ररीचा इंडेक्स स्वतः भरावा लागायचा. तिथे पाठवलेला आकडा स्ट्रिंग म्हणूनच इंडेक्स व्हायचा आणि रेंज क्वेरी वर्णक्रमाने चालायची, म्हणजे ‘९’ हे ‘१०’ च्या नंतर. टाइमस्टॅम्पच्या बाबतीत मात्र हे बहुधा खपून जायचं: ९ सप्टेंबर २००१ पासून २२८६ पर्यंत मिलिसेकंदांचा आकडा तेरा अंकीच आहे, आणि अंकांची संख्या सारखी असली की वर्णक्रम आणि संख्याक्रम एकच. २००१ च्या आधीच्या जन्मतारखा घातल्या की बिंग फुटायचं, मग डावीकडे शून्यं भरा. तारखेची स्ट्रिंग घातली तर त्यातला अपूर्णविराम ल्युसीनला फील्डचा विभाजक वाटायचा. तो इंडेक्स आणि तो एपीआय दोन्ही ४.० मध्ये गेले. ३.५ वर अडकलेली सिस्टिम हाती आली तर एवढं आठवा.

उत्तराची पानं पाडण्याकडे वळू, कारण वेब एपीआयवर ते टळत नाही. ‘स्किप’ वापरू नका. पन्नास हजार ओळी स्किप करायच्या म्हणजे त्या आधी वाचायच्या. शेवटच्या ओळीची वेळ कर्सर म्हणून परत पाठवा आणि तिच्यापासून पुढे मागा. पण एका वेळी अनेक व्यवहार असू शकतात. विशेषतः अनवाइंडने (यादी ओळींत उलगडणाऱ्या कीवर्डने) एकाच स्टेटमेंटमध्ये हजार ओळी घातल्या आणि वेळ ‘डेटटाइम()’ने सर्व्हरवरच लावली, तर हजारही ओळींना तंतोतंत एकच वेळ मिळते, कारण स्टेटमेंट चालू असताना ते फंक्शन पुढे सरकत नाही. म्हणून कर्सरमध्ये वेळ आणि व्यवहार क्रमांक दोन्ही हवेत. अट सहसा ‘वेळ कर्सरपेक्षा लहान, किंवा वेळ तीच आणि क्रमांक लहान’ अशी लिहिली जाते. बाहेरच ‘ऑर’ आला की इंडेक्सचा सरळ सीक (थेट शोध) हातचा जाऊ शकतो. तीच अट अशी लिहा:

व्हेअर व.वेळ <= $वेळ अँड (व.वेळ < $वेळ ऑर व.क्रमांक < $क्रमांक)
ऑर्डर बाय व.वेळ डेस्क, व.क्रमांक डेस्क लिमिट १००

पहिली अट इंडेक्सला पुरते, कंसातली उरलेलं गाळते. आणि इथे मिलिसेकंदांचा आग्रह सोडावा लागतो. साठवलेली वेळ मायक्रोसेकंदांपर्यंत असेल आणि क्लायंटने ती जावास्क्रिप्टच्या डेटमधून फिरवून परत पाठवली, तर शेवटचे तीन अंक कापले जातात. उलट्या क्रमाने वाचताना त्या कापलेल्या फटीतल्या ओळी कुठल्याच पानावर येत नाहीत. सुलट्या क्रमाने शेवटची ओळ दोनदा येते. कर्सर म्हणून सर्व्हरने दिलेली स्ट्रिंग जशीच्या तशी परत घ्या, किंवा साठवतानाच सगळं मिलिसेकंदांवर आणून ठेवा. नवीन काम असेल तर दुसरं.

लिहिताना एकच सावधगिरी: मर्जच्या (असेल तर घे, नसेल तर बनव) पॅटर्नमध्ये वेळ घालू नका. तीच रिक्वेस्ट नेटवर्कच्या खोळंब्यामुळे दोनदा आली की वेळ वेगळी, म्हणून पॅटर्न जुळत नाही आणि व्यवहार दुप्पट. मर्ज व्यवहार क्रमांकावर, वेळ ‘ऑन क्रिएट सेट’मध्ये.

चालू सिस्टिममध्ये काही वेळा स्ट्रिंग, काही आकडे आणि काही डेटटाइम अशी खिचडी आधीच झालेली असते. रेंज इंडेक्स सगळे प्रकार आत घेतो, पण सीक मात्र विचारलेल्या प्रकारातच होतो, त्यामुळे बाकीचे नुसते अदृश्य राहतात. ५.१३ पासून ‘व्हॅल्यूटाइप’ हे फंक्शन आहे. त्याने गट पाडून मोजलं की किती व्यवहार कुठल्या प्रकारात पडलेत ते एका क्वेरीत कळतं. दुरुस्ती दहा-दहा हजारांच्या तुकड्यांत करा. त्यासाठीचं ‘कॉल इन ट्रान्झॅक्शन्स’ आधीच उघडलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही हे विसरू नका. ऑफसेट नसलेल्या जुन्या स्ट्रिंग कुठल्या घड्याळातल्या होत्या हे डेटाबेस सांगू शकत नाही. लिहिणाऱ्या प्रोग्रॅमचा कोडच उघडावा लागतो. दुरुस्तीनंतर एंटरप्राइझ आवृत्ती असेल तर ‘ही प्रॉपर्टी झोन्ड (टाइमझोनसह) डेटटाइमच’ असं बंधन ५.९ पासून घालता येतं. कम्युनिटी आवृत्तीत ते नाही. तिथे लिहिणाऱ्या सगळ्यांनी एकाच एपीआयमधून यावं आणि डेटाबेसचा पासवर्ड दुसऱ्या कुणाकडे नसावा, हेच बंधन.

शेवटी ज्यासाठी ग्राफ घेतला ती क्वेरी: पैसे एका खात्यातून निघून चार उड्यांत कुठे पोचले, आणि प्रत्येक उडी आधीच्या उडीनंतरचीच. वेळेचा इंडेक्स इथे पहिल्या उडीपुरता. पुढच्या उड्या नोडवरून नोडवर होतात, तिथे वेळ फक्त गाळणी. सगळा मार्ग गोळा करून मग ‘वेळा चढत्या आहेत का’ हे तपासलं, तर आधी सगळे उलटसुलट मार्गही काढले जातात आणि वीजबिलाच्या खात्याशी पोचताच क्वेरी बसते. ५.९ मधल्या नव्या पॅटर्नमध्ये शेजारच्या दोन उड्यांची अट पॅटर्नच्या आतच लिहिता येते. जुन्या आवृत्तीत उड्या मोजक्या असतील तर चार रिलेशनशिप सुट्या लिहून प्रत्येकीवर ‘आधीच्या उडीनंतर, आणि ७२ तासांच्या आत’ अशी अट घाला. लांबलचक दिसतं, पण प्रत्येक पायरीला फांद्या छाटल्या जातात. ७२ तासांची ती वरची हद्द गाळू नका. ‘नंतरची’ एवढंच म्हटलं तर पहिल्या उडीनंतरचं सगळं आयुष्य त्यात बसतं.